जुना ट्रक आणि वॅगन यांच्या भागांतून चार दारांची पिकअप बांधताना

चार दारांची पिकअप बांधायला निघालेला माणूस बहुधा इंजिनापासून विचार सुरू करतो. इंदुरात सियागंजच्या बाजूला सुटे भाग शोधत फिरताना मला जी हौशी मंडळी भेटतात, त्यांचाही पहिला प्रश्न ‘इंजिन कोणते टाकणार?’ हाच असतो. माझे सांगणे वेगळे आहे: सुरुवात दारांपासून करावी. इंजिन, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक यांना आज ना उद्या पर्याय मिळतो, आणि मागचा हौदा तर सांवेर रोडवरचा कोणताही चांगला फॅब्रिकेटर माप दिल्यावर बांधून देऊ शकतो. पण आत-बाहेर दोन पत्र्यांचे, कडा दुमडलेले, काच सहज वर-खाली होणारे आणि कुलूप एका हलक्या ढकलण्यात लागणारे दार हाताने नव्याने घडवणे चांगल्या कारागिरालाही जड जाते. म्हणून चार बरी दारे आधी मिळवावीत, ती जागेवर उभी करावीत आणि बाकीची गाडी त्यांच्याभोवती बांधावी. महूकडच्या एका वयस्कर डेंटर उस्तादांनी मला हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितले होते: ‘भिया, पहले दरवाजा खड़ा करो, गाड़ी उसके पीछे अपने आप आ जाएगी.’ तेव्हा मी मान डोलावली. त्या वाक्याचे वजन मला चौथे दार बसवताना कळले.

या कामाला माझ्या मते सर्वांत जुळणारी जोडी म्हणजे अमेरिकेच्या विलीस कंपनीचा जीप ट्रक आणि तिचीच स्टेशन वॅगन, म्हणजे मागे बंद जागा असलेली लांब गाडी. ट्रकची दोन दारे पुढे राहतात आणि वॅगनची दोन दारे मागे येतात. वॅगन १९४६ मध्ये आली आणि ट्रक त्याच्या पुढच्या वर्षी. वॅगनची आखणी ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने केली होती, आणि त्या काळच्या लाकडी वॅगनचा भास राहावा म्हणून तिच्या पोलादी बाजूंवर उठाव दाबून काढलेले आहेत. ट्रक त्याच घराण्यातला असल्याने दोघांचे नाक, बॉनेट आणि समोरच्या काचेपर्यंतचा भाग एकमेकांना जवळचा आहे, आणि आपल्याला हवा तो फायदा हाच. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे विलीस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे या कुळातल्या यांत्रिक भागांची ओळख आपल्या मिस्त्रींना आहे. चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि महिंद्राच्या जुन्या जीपलाही तेच माप आहे, म्हणून रिमसाठी वणवण करावी लागत नाही. दुसऱ्या कंपनीचे ट्रक-वॅगन घेतले तरी पुढची रीत तीच राहते, मात्र दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या असाव्यात.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. पूर्ण, मूळ अवस्थेतली आणि चालती गाडी या कामासाठी कापू नये. सिल (दाराखालची लांब पेटी) कुजलेला ट्रक किंवा मागून चेपलेली वॅगन अशा अर्धवट राहिलेल्या गाड्यांतूनच भाग घ्यावेत. यामागे जुन्या वस्तूबद्दलचा आदर आहे आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब पुन्हा स्पष्ट केली. बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या या दोन्ही नोंदी आपल्या कामात बदलतात. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. म्हणजे चार दारांची केलेली पिकअप त्या वर्गात बसत नाही. म्हणून पत्र्याला ग्राइंडर लावण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारणा करावी. परवानगी मिळाली नाही तर गाडी खासगी आवारात किंवा शेतावर ठेवायची आणि प्रदर्शनाला ट्रेलरवर न्यायची, याची मनाची तयारी आधीच करावी. भंगारातून घेतलेल्या चेसिसचेही बिल आणि क्रमांकाचे कागद जपून ठेवावेत. क्रमांक खोडलेली चेसिस कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आता मापाकडे येऊ. ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर, ११८ इंच आहे आणि वॅगनचा सुमारे १०४ इंच. समोरच्या काचेखालचा भाग दोन्हींत एका रेषेत धरला, तर वॅगनच्या मागच्या चाकाची कमान ट्रकच्या मागच्या एक्सलपेक्षा जवळजवळ १४ इंच पुढे येते. वॅगनची मागची बाजू उचलून ट्रकच्या चेसिसवर ठेवली की काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांचा हिशेब इथे चुकतो. पण हेच १४ इंच आपल्याला उपयोगी पडतात. ट्रकची चेसिस तशीच ठेवली, तर मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात चाकाची कमान घुसत नाही, दार चौकोनी राहते आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा मिळते. त्यामुळे माझा ठाम निर्णय असा की चेसिस कापायची नाही, लांबवायची नाही. केबिन जेवढी मागे वाढेल तेवढा हौदा आखूड करायचा. माझ्या गाडीत केबिनची मागची भिंत २९ इंच मागे गेली आणि हौद्यातून तेवढेच इंच कमी झाले. लांब हौद्याच्या मोहाने चेसिस वाढवली तर प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप आणि हँड ब्रेकची केबल हे सारे बदलावे लागते, आणि ज्या सांध्यावर चार माणसांचा जीव अवलंबून आहे असा एक सांधा आपणच निर्माण करतो. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये ट्रॅव्हलेट नावाची मोठ्या केबिनची पिकअप आणली, तेव्हा तिला तीनच दारे होती आणि चौथे दार काही वर्षांनी आले. कारखान्यालाही एकेक दार मोजून मिळवावे लागले, हे घरच्या कारागिराने लक्षात ठेवावे.

चेसिस धुऊन, घासून, चार घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) ठेवावी आणि पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट करावी. मग कर्ण मोजावेत: पुढच्या डाव्या बॉडी-माउंटच्या (बॉडी चेसिसवर बसते त्या जागेच्या) भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत आणि उलट. दोन्ही मापांत एका सुतापेक्षा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर चेसिस आधी सरळ करून घ्यावी. वाकड्या पायावर दारे कधीच नीट लागत नाहीत. ओळंबा सोडून ही भोके जमिनीवर उतरवावीत आणि फरशीवर खडूने पूर्ण आराखडा काढावा. हा आराखडा काम संपेपर्यंत पुसू देऊ नये.

यानंतर काहीही न कापता मांडणी करावी. ट्रकची केबिन तिच्या रबरांवर बसवावी. वॅगनची दोन दारे मागे जिथे यायची तिथे लाकडी ठोकळ्यांवर उभी करावीत, डावे दार डावीकडेच आणि उजवे उजवीकडेच. दार उलटे फिरवून मागच्या बाजूला बिजागरी ठेवण्याची कल्पना काही जण मांडतात, पण चालत्या गाडीत कुलूप सुटले तर असे दार वाऱ्याने उघडते, म्हणून ती मी सरळ नाकारतो. ट्रकची आणि वॅगनची दारे एकाच मापाची असतील असेही गृहीत धरू नये. काचेखालची रेषा, खालच्या कडेचा बाक आणि जाडी या तिन्ही गोष्टी पातळ पुठ्ठ्याचा साचा कापून ताडून पाहाव्यात. ही मांडणी चार दिवस तशीच ठेवून रोज लांबून पाहावी. मागची सीट ठेवून आत बसून पाहावे, दार उघडून पाय बाहेर कसा निघतो ते पाहावे. मला या चार दिवसांत भिंत आणखी दोन इंच मागे न्यावी लागली. कागदावरच्या चित्रात ती गरज दिसली नव्हती.

कापण्यापूर्वी केबिनला आतून आधार देणे अत्यावश्यक आहे. पाऊण इंची चौकोनी पाइप घेऊन दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये आडवे, आणि प्रत्येक दाराच्या मोकळ्या जागेत तिरके, वेल्डिंगचे टाके मारून बसवावेत. दार बंद असताना चारही बाजूंना दीड सूत फट असेल, तर ती फट तशीच राहील अशा बेताने हे आधार बसवावेत. पेट्रोलची टाकी या टप्प्याआधीच गाडीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी. रिकाम्या टाकीतल्या वाफा भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असतात. बॅटरीची तारही सोडवावी. मग ट्रकच्या केबिनची मागची भिंत कोपऱ्यांसह एका तुकड्यात कापून मागे सरकवावी, म्हणजे मागच्या काचेच्या चौकटीची मूळ गोलाई जशीच्या तशी टिकते.

मागच्या दाराचे काम सर्वांत नाजूक आहे. वॅगनचे हे पुढचेच दार असल्याने त्याच्या काचेच्या चौकटीचा पुढचा कोपरा समोरच्या काचेच्या रेषेप्रमाणे तिरका असतो, आणि मधल्या खांबाला मात्र उभी कड हवी असते. म्हणून काचेखालच्या रेषेवर चौकट कापून पुढची दांडी उभी करावी, वरची दांडी तेवढी लांबवावी आणि कोपऱ्याची गोलाई मागच्या कोपऱ्यासारखीच ठेवावी. दाराचा खालचा भाग, बिजागऱ्यांची जागा आणि कुलूप यांना हात लावू नये. चौकट टाके मारून झाली की काचेच्या जाडीचे हार्डबोर्ड कापून ते काच म्हणून वर-खाली करून पाहावे आणि जिथे अडेल तिथे टाका तोडून पुन्हा जुळवावे. मी हा हार्डबोर्ड प्रत्येक दारात निदान पन्नास वेळा फिरवला असेल. हेच साचे पुढे काच बनवायला द्यायचे असतात. दारांच्या काचा टफन केलेल्या घ्याव्यात, आणि टफन झाल्यावर काच कापता किंवा घासता येत नाही, म्हणून साच्यात अर्ध्या सुताचीही चूक चालत नाही. समोरची काच लॅमिनेटेडच हवी. या गाड्यांच्या काचा सपाट असतात ही मोठी सोय आहे, कारण गोलाईच्या काचेसाठी आपल्याला साचा कुठून आणायचा हा प्रश्नच येत नाही.

मधला खांब हा या गाडीचा कणा आहे. ट्रकमध्ये या जागी केबिनचा मागचा कोपरा होता आणि तो फक्त पुढच्या दाराचे कुलूप पकडत होता; आता त्याच खांबाला मागच्या दाराचे पूर्ण वजन बिजागऱ्यांवर पेलायचे आहे. २ मिलिमीटर पत्र्याची बंद पेटी वाकवून हा खांब करावा, बिजागऱ्यांच्या जागी आतून ६ मिलिमीटरची पट्टी आणि तिच्यामागे पक्के नट बसवावेत, आणि खांब खाली सिलमध्ये व वर छताच्या कडेत शिरून जोडला जाईल असे पाहावे. केवळ कडेला चिकटवलेला खांब काही महिन्यांत सुटतो आणि दार खाली लोंबू लागते. सीट बेल्टचे वरचे बोल्ट याच खांबात घ्यायचे असल्याने त्यांची पट्टीही याच वेळी टाकावी. सिलच्या आतही चौकोनी नळी घालून पुढच्या खांबापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसंध नेणे चांगले, कारण दोन दारांमुळे बाजूचा बहुतेक पत्रा गेलेला असतो आणि केबिनचा बाक सिललाच सांभाळावा लागतो. मधल्या खांबाखाली आणि नव्या मागच्या भिंतीखाली चेसिसवर दोन-दोन जास्तीचे माउंट रबरासह द्यावेत.

छतासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ट्रकचे छत मधोमध आडवे कापून वॅगनच्या छताचा तुकडा घालणे, ज्यात सपाट भागात दोन लांब सांधे येतात. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: वॅगनचे छत समोरच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत अखंड घ्यावे आणि ट्रकच्या छताचा फक्त मागचा, भिंतीकडे उतरणारा भाग त्याला जोडावा. सांधा एकच राहतो आणि तो गोलाईच्या जवळ येतो, जिथे पत्रा मुळातच ताठ असतो आणि उष्णतेने कमी हलतो. दोन्ही छतांचा आडवा उंचवटा सारखा नसला तर मागच्या तुकड्याला कडेला दोन बारीक पाचरीसारखे काप देऊन तो उंचवटा जुळवावा. पुट्टी भरून फरक झाकू नये.

जोडणी मिग वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटर तारेने आणि १८ गेजच्या पत्र्याला सोसेल एवढ्याच करंटवर करावी. पत्रे एकमेकांवर चढवू नयेत, कडेला कड लावून टाके मारावेत. पहिला टाका मध्ये, मग दोन्ही टोकांना, मग उरलेल्या अंतरांच्या मधोमध, असे करत टाके बोटभर अंतरावर येईपर्यंत जावे आणि प्रत्येक टाक्यानंतर तिथला पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यावा. गार झाला की आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हातोडीने टाका हलकेच ताणावा, कारण वेल्डिंग थंड होताना पत्रा आखडतो आणि ही हातोडी तो आखडलेला पत्रा परत मोकळा करते. मी एका संध्याकाळी हा नियम मोडला. पावसाळा तोंडावर आला होता, छत बंद करायचे होते, म्हणून डाव्या बाजूचे आधार काढून टाकले आणि जवळपास दीड फूट सांधा एका दमात ओढला. आदल्या दिवशी दोन बोटांनी लागणारे डावे मागचे दार दुसऱ्या सकाळी गुडघा लावल्याशिवाय लागेना. मोजले तर मधल्या आणि मागच्या खांबांमधले वरचे अंतर तीन सुतांनी कमी झाले होते आणि छताचा पत्रा तळहाताने दाबला की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर करत होता. सगळा सांधा कापून, खांब जॅकने परत जागेवर ढकलून, आधार पुन्हा लावून ते काम करायला मला अकरा दिवस लागले. त्यानंतर चारही दारे लागून उघडेपर्यंत आणि शेवटचा टाका गार होईपर्यंत मी एकही आधार काढला नाही.

हौदा आखूड करताना तो मधून कापावा, पुढची आणि मागची कड मूळ ठेवावी. फाळका, त्याच्या कड्या आणि कोपऱ्यांचे वळण जसेच्या तसे राहते. चाकाची कमान मात्र एक्सलच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे, म्हणून कापण्याची जागा कमानीच्या पुढे घ्यावी. केबिन आणि हौदा यांच्यात एक इंचाची फट सोडावी आणि दोघांना पत्र्याने जोडण्याचा मोह टाळावा. खड्ड्यातून जाताना चेसिस पिळते, केबिन आणि हौदा वेगवेगळे डोलतात, आणि ते जोडलेले असले तर मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पत्रा फाटायला लागतो. माळव्यातल्या पावसानंतरच्या रस्त्यांवर हे लवकर दिसते.

यांत्रिक भागांबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यावर माहिती सहज मिळते. मूळ हरिकेन इंजिन २.२ लिटरचे आणि सुमारे ७२ अश्वशक्तीचे आहे, आणि शहरात फिरायला ते पुरते. दुसरे इंजिन बसवणे म्हणजे नोंदणीतला आणखी एक बदल. ब्रेकचे मूळ मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचे असते, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून तिथे दोन सर्किटचे सिलिंडर बसवावेच. मागच्या पाट्यांमधले पान वाढवण्याची घाई करू नये. माणसे बसवून, हौद्यात पोती ठेवून, गाडी किती खाली बसते ते मोजून मगच ठरवावे.

उघड्या पत्र्यावर इंदूरच्या पावसाळी हवेत एका रात्रीत लालसर तांबूस थर चढतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात पत्रा उघडा राहील असे कामाचे वेळापत्रक आखू नये, आणि ज्या दिवशी पत्रा घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. खांब आणि सिल या बंद पेट्यांमध्ये ब्रश पोचत नाही, म्हणून त्या बंद करण्याआधी आतून रंगवाव्यात, नंतर छोट्या भोकांतून मेणाचे द्रावण फवारावे आणि सिलच्या तळाला पाणी निघायला वाटा ठेवाव्यात.

रंगाच्या आधी, रबरे आणि बीडिंग बसवून, पाण्याची चाचणी घ्यावी. एकाने बाहेरून नळीने छताच्या सांध्यावर, मग मागच्या काचेवर, मग एकेका दाराच्या वरच्या कोपऱ्यावर पाच-पाच मिनिटे पाणी सोडावे, आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बसावे. माझ्या गाडीत पहिला थेंब उजव्या मागच्या दाराच्या पुढच्या कोपऱ्यातून आला, म्हणजे जिथे चौकट उभी केली होती तिथूनच. तिथे खडूने खूण केली, रबर उचलून पाहिले, तर दांडीचा कोपरा आत अर्धा सूत कमी पडत होता. तो भरून, घासून, पुन्हा पाणी सोडले. तिसऱ्या वेळी तो कोपरा कोरडा राहिला आणि त्या संध्याकाळी दार रंगासाठी बिजागरीवरून उतरवले.